दोन टाक्या, एक काटा: जुन्या पिकअपच्या दुरुस्तीला खरा खर्च किती?

जुन्या पिकअपला दोन टाक्या आहेत असं कुणी सांगितलं, की मी आधी एकच विचारतो: रिटर्न कुठं जातो? समोरचा बहुतेक वेळा गप्प होतो. टाकी किती लिटरची, कुठल्या भंगारातून आणली, टांगायला किती घेतले, हे सगळं त्याला पाठ असतं. पण इंजिनानं न वापरलेलं डिझेल परत कोणत्या टाकीत पडतं, हे त्यानं कधी वाकून बघितलेलं नसतं. दोन टाक्यांच्या गाडीचा निम्मा खर्च त्या एका पाइपात असतो आणि उरलेल्यातला बराचसा चार बोटांच्या अर्थिंगच्या वायरीत.

हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालं नाही. आमची गाडी जुनी, जीपच्या घराण्यातली, मागं हौदा, डिझेल इंजिन. आधीच्या मालकानं चॅसीच्या उजव्या अंगाला दुसरी टाकी टांगलेली होती आणि ड्रायव्हरच्या पायाशी एक पितळी कॉक. कॉक इकडं केला की पुढची टाकी, तिकडं केला की मागची. एका पावसाळ्यात आळेफाट्यावरून कांदा भरून चुलतभाऊ आणि मी वाशीला निघालो. पुढची टाकी फाट्यावर गळ्यापर्यंत भरली. भाऊ म्हणाला, "आधी मागचं जुनं डिझेल संपवू." कॉक मागच्या टाकीवर केला. ओतूर गेलं, माळशेज उतरलो. काटा पूर्ण भरलेला दाखवत होता, म्हणून निर्धास्त. मुरबाडला चहाला थांबलो तर गाडीखाली ओली रेघ. बोट लावलं, नाकाला नेलं: डिझेल. पुढच्या टाकीच्या हवेच्या नळीतून टपटप गळत होतं. पाइप फुटला असेल म्हणून टॉर्च घेऊन अर्धा तास शोधलं, फुटलेलं काहीच सापडलं नाही. तसेच पुढं निघालो आणि कल्याणच्या अलीकडं इंजिन दोन आचके देऊन बंद. काटा अजूनही भरलेलाच.

काय झालं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. पंप मागच्या टाकीतून डिझेल ओढत होता, पण रिटर्नचा पाइप आधीच्या मालकानं तसाच पुढच्या टाकीत ठेवलेला. म्हणजे मागची टाकी रिकामी होत होती आणि पुढची उतू जात होती. काटा फक्त पुढच्या टाकीला जोडलेला, त्यामुळं त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल. मागची संपली, लाइनीत हवा शिरली, इंजिन मेलं. रात्री रस्त्याकडेला फिल्टरवरचा हातपंप मारमारून हवा काढली तेव्हा कुठं गाडी चालू झाली. वाशीला लिलावाची वेळ निघून गेली होती.

आळ्यात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणात वेद बोललेला रेडा इथं विसावला, अशी श्रद्धा. भाऊ तेव्हापासून म्हणतो, आपल्या गावात रेडा खरं बोलला आणि आपल्या गाडीचा काटा धडधडीत खोटं.

दुसरी टाकी हवीच कशाला?

दोन टाक्यांची गाडी ही काही आपल्याकडची जुगाडबाजी नाही. जुन्या लांब लँड रोव्हरमध्ये पुढच्या दोन सीटांखाली दोन टाक्या मिळत आणि सीटच्या पायाशी कॉक असे. अमेरिकेत 1970 आणि 80 च्या दशकांत फोर्ड आणि शेवरोलेच्या पिकअपमध्ये दोन टाक्या सर्रास असत. डॅशबोर्डवर एक स्विच, तो दाबला की टाकीही बदलायची आणि काटाही त्याच टाकीचा दिसायचा. आपल्या शेतकऱ्यालाही ही कल्पना परकी नाही. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या पंपाला दोन कप्प्यांची टाकी असायची, त्यात आपलं बालपण गेलं.

पण त्या काळी दुसऱ्या टाकीला कारण होतं: पंप लांब लांब होते. आज आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात. कुठल्याही दिशेला निघा, डिझेल मिळतं. त्यामुळं नवी दुसरी टाकी बसवायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बसवू नका. एक साधा हिशेब करा. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारनं भागा, लिटर मिळतात. 75 बाय 35 बाय 22 ची टाकी म्हणजे जवळपास 58 लिटर. डिझेल लिटरला साधारण 830 ग्रॅम भरतं, म्हणजे टाकी भरली की 48 किलो वजन नुसतं लटकतंय. टोमॅटोचे दोन क्रेट कमी भरावे लागतील. वर उभ्या गाडीतून डिझेल चोरणाऱ्याला एकाऐवजी दोन झाकणं.

ज्यांच्या गाडीला टाकी आधीपासून आहे, किंवा ज्यांनी हौसेनं जुनी गाडी उभी करायला घेतली आहे, त्यांच्यासाठी पुढचं सगळं. खाली दिलेले भाव आळेफाटा, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात आम्ही स्वतः विचारलेले आणि मोजलेले आहेत. दुकानागणिक आणि गाडीगणिक ते कमी-जास्त होतील, म्हणून आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधलं अंतर बघा.

काटा: आधी पन्नास रुपये, मग दोन हजार

काटा बिघडला की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: "फ्लोट गेला, बदलावा लागेल." फ्लोट म्हणजे टाकीत तरंगणारा बोंडाचा दांडा आणि त्याच्या मुळाशी असलेली तारेची गुंडाळी. डिझेल वर-खाली झालं की दांडा हलतो, गुंडाळीतला विरोध बदलतो, काटा हलतो. चालू गाडीच्या मॉडेलचा बाजारातला फ्लोट 500 ते 900 रुपयांना, कंपनीच्या डब्यातला 1,200 ते 2,500 ला. जुन्या मॉडेलचा मिळालाच तर पुण्यात नाना पेठेत, नाहीतर मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी ढिगात हात घालून. बसवायची मजुरी 200 ते 400, टाकी उतरवावी लागली तर 600 च्या वर.

हे सगळं करण्याआधी घरी दहा मिनिटांत होणारी एक तपासणी आहे. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका. फ्लोटची वायर सोडवा, काटा एका टोकाला जाईल. आता तीच वायर चॅसीच्या खरडून स्वच्छ केलेल्या लोखंडाला क्षणभर टेकवा. काटा दुसऱ्या टोकाला पळाला तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत आहेत, दोष फ्लोटमध्ये किंवा टाकीच्या अर्थिंगमध्ये. काटा हललाच नाही तर वायर तुटली आहे, फ्यूज उडाला आहे किंवा मीटर मेलं आहे. जुन्या मीटरमध्ये आत तापणारी पट्टी असते, त्यामुळं वायर टेकवून धरून ठेवू नका, दोन-तीन सेकंद पुरे. नव्या डिजिटल मीटरच्या गाडीत हा उद्योग मुळीच करू नका. आणि पेट्रोलची गाडी असेल तर टाकीजवळ ठिणगी नको. डॅशबोर्डखाली जिथं जोड असेल तिथंच ही चाचणी करा.

काटा पळाला? मग लगेच फ्लोट काढू नका. एक वेगळी वायर घ्या, एक टोक फ्लोटच्या चकतीवरच्या स्क्रूला, दुसरं चॅसीला. काटा जागेवर आला तर काम संपलं. टाकीला पट्ट्यांनी आवळलेलं असतं, पट्टीखाली रबर असतं, रबरावर रंग, रंगावर दहा वर्षांचा चिखल. टाकीचं लोखंड गाडीच्या लोखंडाला टेकतच नाही, मग वीज परत जाणार कुठून? दोन मीटर वायर, दोन थिंबल आणि एक स्क्रू: 40 ते 60 रुपये. मल्टिमीटर असेल तर फ्लोटच्या चकतीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत व्होल्टेज मोजा. 0.1 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. साधा मल्टिमीटर 250 ते 500 रुपयांना येतो आणि जुन्या गाडीच्या मालकाच्या घरात तो जॅकइतकाच गरजेचा आहे.

एवढं करूनही काटा आला नाही तर फ्लोट बाहेर काढा. दांडा हातानं सावकाश खालून वर न्या आणि ओहम बघा. आकडा सरळ चढत किंवा उतरत गेला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा तुटला तर गुंडाळी झिजली आहे. बोंड कानाजवळ हलवा. आत डिझेल खळखळलं तर ते बुडतंय, म्हणून काटा कायम खाली. पितळी बोंडाला डाग देऊन ते पुन्हा तरंगवता येतं, पण आतलं इंधन पूर्ण काढून, वाळवून. नाहीतर डाग देताना ते फुटतं. हे काम जुन्या रेडिएटरवाल्याकडून 100-150 रुपयांत होतं. प्लॅस्टिकचं बोंड असेल तर बदला. परत बसवताना चकतीखालचं पॅकिंग नवीन टाका, इंधनात न फुगणारं. अनेक फ्लोटच्या चकतीचे पाच स्क्रू सारख्या अंतरावर नसतात, ते एकाच बाजूनं बसतात. बसत नाही म्हणून भोक मोठं करणारा मिस्त्री भेटला तर गाडी घेऊन निघून या.

आता खरी फसवणूक. "युनिव्हर्सल" असं लिहिलेला फ्लोट कुठल्याही काट्याशी जुळतो असं दुकानदार सांगतो. नाही जुळत. प्रत्येक काट्याला ठरावीक ओहमची सवय असते. जुन्या फोर्डमध्ये रिकामी टाकी 73 ओहम आणि भरलेली 10. जनरल मोटर्सच्या गाड्यांत उलट: रिकामी 0, भरलेली 90. बाजारातल्या बऱ्याच संचांत रिकामी 240, भरलेली 33. आता 0-90 चा फ्लोट 240-33 च्या काट्याला लावला तर टाकी रिकामी असताना काटा भरलेल्याच्याही पलीकडं जाऊन बसतो. म्हणून जुना फ्लोट फेकण्याआधी तळाशी आणि वर नेऊन दोन ओहम कागदावर लिहून घ्या आणि दुकानात नवा फ्लोट काउंटरवरच मोजून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या.

दोन टाक्यांत हाच मुद्दा दुप्पट होतो. एकच काटा दोन्ही टाक्यांना वापरायचा असेल तर दोन्ही फ्लोट एकाच मापाचे हवेत. दुसरी टाकी भलत्याच गाडीची असते, तिच्यातला फ्लोटही भलताच. म्हणून काटा एका टाकीवर खरा आणि दुसरीवर बरळतो. काही महाभाग दोन्ही फ्लोटच्या वायरी एकत्र पिळून काट्याला देतात. 73-10 चे दोन फ्लोट असे जोडले आणि दोन्ही टाक्या कोरड्या ठणठणीत असल्या, तरी एकत्र विरोध होतो 36.5 ओहम आणि काटा रिकाम्या खुणेच्या बराच वर उभा राहतो. घाटात हेच कळलं तर फार उशीर झालेला असतो.

योग्य पद्धत दोनपैकी एक. पहिली: सहा पायांचा चेंजओव्हर स्विच घ्या, 100 ते 250 रुपयांचा. त्याच्या एका ओळीतून फ्लोटची वायर बदलते, दुसऱ्या ओळीतून टाकी बदलणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हला हुकूम जातो. एकाच खटक्यात काटा आणि टाकी दोन्ही बदलतात, विसरायची सोयच राहत नाही. व्हॉल्व्हसाठी रिले (120 ते 250) आणि वेगळा 10 अँपिअरचा फ्यूज. काट्याच्या लाइनीला 5 अँपिअर पुरे. वायरिंगवाल्याची मजुरी 600 ते 1,200.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते: दुसऱ्या टाकीला सरळ दुसरा काटा. फ्लोट आणि काटा एकाच संचातले घेतले की जुळवाजुळव नाही, स्विच नाही, घोटाळा नाही. असा संच 1,000 ते 1,600 रुपयांना येतो. डॅशबोर्डला एक भोक पडतं हे खरं. जुन्या गाडीचं मूळ रूप राखायचं असेल तर काटा स्टिअरिंगखाली पट्टीवर लावा.

टाकी बदलणं: डिझेलमध्ये पाइप चार

पेट्रोलच्या कार्बोरेटरवाल्या जीपला इंधन एकाच दिशेनं जातं. तिथं एक थ्री-वे कॉक पुरतो: 250 ते 500 रुपये. डिझेलमध्ये दोन जाणारे आणि दोन परत येणारे असे चार पाइप सांभाळावे लागतात. ओढणारी टाकी बदलली की रिटर्नही त्याच क्षणी बदलला पाहिजे. त्यासाठी सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो. मोटरवर चालणारा बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो आणि 5,000 ते 9,000 खातो. हातानं फिरवायचे दोन थ्री-वे कॉक एकाच पट्टीनं जोडून घेतले तर 1,000 रुपयांत भागतं, पण पट्टी निसटली की आमच्यासारखं मुरबाड होतं.

नळी डिझेलचीच घ्या, शेतातल्या स्प्रे पंपाची नको. मीटरला 120 ते 200. क्लिप 15 ते 25. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे टाका, दोन-पाच रुपयांचा माल आहे आणि जुन्यातून हवा ओढली जाते. पूर्ण कामाची मजुरी 1,500 ते 2,500, हवा काढण्यासकट. "सकट" हा शब्द आधी बोलून घ्या.

एक स्वस्त आणि एक शहाणा मार्ग अजून आहे. स्वस्त म्हणजे दोन्ही टाक्या तळाशी जाड पाइपनं जोडणं. डिझेल दोन्हीकडं सारख्या पातळीवर राहतं, कॉक नको, काटा एकच पुरतो. 600 ते 1,000 रुपयांत होतं. पण तो पाइप गाडीचा सर्वांत खालचा भाग बनतो. डोंगराकडच्या रस्त्यावर एक दगड लागला की दोन्ही टाक्या एकदम रस्त्यावर.

शहाणा मार्ग म्हणजे दुसऱ्या टाकीला इंजिनाशी संबंधच ठेवू न देणं. ती नुसती राखीव. तिच्यातून 12 व्होल्टचा छोटा पंप डिझेल पुढच्या टाकीत टाकतो. इंजिन कायम पुढच्या टाकीतून पितं, रिटर्न पुढच्याच टाकीत जातो, काटा पुढच्या टाकीचाच. पंपाला दाबून धरायचं बटण लावा, सोडलं की बंद होणारं. खटक्याचा स्विच लावलात तर विसराल आणि पुन्हा टाकी उतू जाईल. आम्ही शेवटी हेच केलं. पंप 1,100, मधला फिल्टर 150, चार मीटर नळी 600, रिले-फ्यूज-बटण 350, मजुरी 1,200. म्हणजे 3,400. शिवाय मागच्या टाकीला फ्लोटसह वेगळा काटा 1,450, दोन्ही टाक्यांना अर्थिंग 40, त्याची मजुरी 500. सगळं मिळून 5,390. याच कामाला हायवेवरच्या एका गॅरेजनं आधी 14,000 सांगितले होते, त्यात नवा फ्लोट, नवं मीटर आणि "पूर्ण वायरिंग" होतं. आमच्या वायरिंगला काहीही झालेलं नव्हतं.

टाकी गंजली असेल तर आधी ती. धुवून, साखळी किंवा खडी घालून हलवून, वाळवून द्यायला 500 ते 1,500. नवी टाकी पत्र्याच्या जाडीनुसार 3,500 ते 7,000. ठिपक्यासारखी गळती डाग देऊन थांबते, पण गंज खालच्या पूर्ण पट्टीत असेल तर डागडुजीवर पैसे घालू नका. आणि एक गोष्ट हजारदा सांगितली तरी कमीच: रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा घातक. पेट्रोलची वाफ आत राहते आणि वेल्डिंगच्या ठिणगीला ती पुरते. टाकी पाण्यानं पूर्ण न भरता वेल्डिंगचा होल्डर उचलणाऱ्या माणसाजवळ उभं राहू नका. डिझेलची टाकीही तापली की वाफ धरते.

पेट्रोलच्या जुन्या जीपवाल्यांसाठी एक जास्तीची ओळ. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते तळाशी बसतं, टाकी आतून गंजते, जुन्या रबरी नळ्या आणि पॅकिंग फुगतात. हौसेची गाडी असेल तर नळ्या आधी बदला, काट्याचं नंतर बघू.

सीएनजीचे छोटे पिकअप आता भाजीच्या वाहतुकीत दिसू लागले आहेत. तेही एका अर्थी दोन टाक्यांचेच. मारुती सुपर कॅरीच्या सीएनजी मॉडेलला पेट्रोलची राखीव टाकी 5 लिटरची. तिचा काटा अडकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पेट्रोल कधी वापरलंच जात नाही. अधूनमधून पेट्रोलवर चालवा. सीएनजीचे हिरवे दिवे लिटर दाखवत नाहीत, दाब दाखवतात. 200 बारपर्यंत भरलेलं सिलिंडर भरताना तापतं, थोड्या वेळानं निवतं आणि एक दिवा विझतो; पंपवाल्यानं फसवलं असं नाही. सिलिंडरची दर 3 वर्षांनी दाबचाचणी सक्तीची, खर्च दीड ते तीन हजार. चाचणीची तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते.

कागद आणि बिल

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. टाकी किती लिटरची हे आरसीवर नसतं, पण रिकाम्या गाडीचं वजन असतं. चॅसीला टांगलेली जादा टाकी तपासणीत प्रश्न उभा करू शकते आणि अपघात झाला तर विमा कंपनी तो हमखास विचारते. जुन्नर आणि आंबेगावच्या गाड्या पिंपरी-चिंचवड आरटीओकडं, एमएच 14 मध्ये. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तेव्हा गळकी टाकी आणि लोंबणाऱ्या वायरी घेऊन जाऊ नका. सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच.

बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे; त्याआधी बऱ्याच भागांवर 28 होता. कुणी अजून 28 लावत असेल तर विचारा. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडं सोडू नका, गाडीत टाका. बिलात "वायरिंगचं काम" एवढंच लिहू देऊ नका; किती मीटर वायर, कोणता रिले, कोणता फ्लोट हे लिहून घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. आणि गाडी धंद्याची आहे म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. स्वतः गाडी चालवून कांदा वाहणारा माणूस ग्राहकच आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्कही नाही.

काम झाल्यावर एक गोष्ट मात्र मिस्त्री करून देणार नाही, ती तुम्हीच करा. टाकी रिकामी असताना पंपावर जा, पाच-पाच लिटर टाकायला सांगा आणि दर पाच लिटरला काट्याची जागा लिहा. पंपावरचा पोरगा वैतागेल, गर्दी नसताना सकाळी जा. गाडी सपाट उभी असावी; घाटात, चढावर डिझेल मागं सरकतं आणि काटा वेगळंच सांगतो. आम्ही हे भाऊच्या हस्ताक्षरात कागदी चिकटपट्टीवर लिहून मीटरच्या काचेखाली चिकटवलं आहे. पावच्या खुणेवर 17 लिटर, रिकाम्या खुणेवर 6. त्याखाली त्यानं आणखी एक ओळ लिहिली आहे: "मुरबाडला थांबून खाली बघणे."